कोरे सोडलेले गोल

ज्या परीक्षेच्या जोरावर मी परदेशी शिकायला गेलो, तिचा एक नियम मला ठाऊक होता आणि माझ्या मित्राला ठाऊक नव्हता. तो त्याला सांगण्याचं काम माझं होतं. मी सांगितला नाही. घडलं ते एवढंच. पण पुढे कितीतरी वर्षं मी हे कोणाजवळ बोललो नाही, आणि माझ्या हुशारीविषयी कोणी चार बरे शब्द बोलू लागलं की मला तिथून उठून जावंसं वाटे.

ऐंशीनंतरची पहिली दोन-तीन वर्षं होती. आम्ही दोघेही पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेलो, आणि नाशिकच्या ज्या कॉलेजात शिकलो तिथल्याच प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून चिकटलेलो. मुलांना लंबक मोजायला शिकवणं, भिंगं पुसून कपाटात ठेवणं, फुटलेल्या परीक्षानळ्यांबद्दल रसायनवाल्यांशी भांडणं, असं ते काम. नोकरी कायम नव्हती आणि होण्याची चिन्हंही नव्हती.

आमच्या विभागप्रमुखांना आम्ही नुसतं सर म्हणत असू. एक दिवस त्यांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. आमच्याच कॉलेजातून पूर्वी शिकून गेलेले एक गृहस्थ अमेरिकेत प्राध्यापक होते. त्यांनी कळवलं होतं की पुढच्या वर्षी इथला एक विद्यार्थी त्यांना सहायक म्हणून घेता येईल. फी माफ, आणि राहण्याखाण्यापुरता पगार. आमच्यासारख्यांना परदेशाचा दुसरा कुठलाच रस्ता नव्हता. अट एकच : तिथल्या विद्यापीठांत पदवीनंतर शिकायचं तर जी सामायिक प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, तिच्यात चांगले गुण हवेत. भाषेच्या विभागात एका मर्यादेच्या खाली गुण असले, तर अर्ज कार्यालयातूनच बाजूला पडणार.

"जागा एक आहे आणि तुम्ही दोघं," सर म्हणाले. "कोण जाणार ते मी ठरवणार नाही. तुम्हीही ठरवू नका. परीक्षेला ठरवू द्या."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मित्र म्हणाला, "चला, एकाची तरी सुटका झाली या लंबकातून."

"आणि दुसऱ्याची?"

"दुसरा राहील मोजत. कोणीतरी मोजायला पाहिजेच ना लेका."

तो माझ्याहून हुशार होता. हे आज नम्रतेपोटी लिहीत नाही. तेव्हाही मला ते माहीत होतं, आणि सगळा दोष तिथूनच सुरू होतो. त्याचे वडील नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक होते. नाशिकरोडच्या बाजूला बौद्ध कुटुंबांची एक कॉलनी होती, तिथे दोन खोल्यांत त्यांचं घर. शिक्षण सगळं मराठीतून. कॉलेजात आल्यावर एकदम इंग्रजी पुस्तकं हाती पडली आणि त्यांतलं पदार्थविज्ञान त्याने समीकरणांच्या आधाराने वाचून काढलं. भोवतालची वाक्यं त्याला अर्धी कळत, समीकरणं पुरी कळत. माझं उलटं होतं. माझे वडील वकील, घरात इंग्रजी वर्तमानपत्र येई, शाळा इंग्रजी माध्यमाची. इंग्रजी मी कमावलेलं नव्हतं. ते घरात इतर सामानाबरोबर आलेलं होतं. तरी त्याचा अभिमान मात्र मी स्वतः कमावल्यासारखा बाळगत असे.

तेव्हा नाशिकला या परीक्षेचे वर्ग वगैरे काही नव्हते. आमच्या आधी कॉलेजातून गेलेल्या एकाने मागे ठेवलेलं तयारीचं एक जाड पुस्तक सरांनी आम्हाला दिलं. त्याचं मुखपृष्ठ फाटलेलं होतं आणि आधीच्या माणसाने सगळी उत्तरं पेन्सिलीने त्यातच करून ठेवली होती. ती खोडल्याशिवाय सराव होणार नव्हता. मग एक अख्खी दुपार आम्ही प्रयोगशाळेच्या टेबलाशी बसून रबराने ती खुणा केलेली उत्तरं पुसत होतो. मित्र मान दुसरीकडे वळवून पुसायचा, उत्तर चुकून दिसू नये म्हणून. त्यात एक-दोन पानं फाटली.

"अरे बघून पूस की," मी म्हणालो.

"बघितलं तर लक्षात राहतं माझ्या. मग सराव कसला?"

मी बघून पुसत होतो.

अभ्यासाची पद्धत त्यानेच ठरवली. परीक्षेचे दोन भाग मुख्य : भाषा आणि गणित. तर्काचा तिसरा भाग होता, पण त्याची आम्हाला धास्ती नव्हती. पुस्तक एक, वेळ थोडा. मग वाटणी. इंग्रजीतलं जेवढं असेल तेवढं मी आधी वाचायचं आणि त्याला मराठीतून समजावून सांगायचं. गणितातलं सगळं त्याने आधी सोडवायचं आणि मला रीत दाखवायची. "तू इंग्रजीचा मालक, मी गणिताचा," तो म्हणाला. "बांध घालून टाकू. तू सांगशील ते इंग्रजी मी पुन्हा वाचून बघणार नाही, मी सांगेन ते गणित तू तपासू नको. नाहीतर दोघांचाही वेळ जाईल." त्याचं आजोळ निफाडकडचं, त्यामुळे बांध हा शब्द त्याच्या तोंडी सहज यायचा. आम्ही हातावर हात मारले.

कॉलेज सुटल्यावर प्रयोगशाळेची किल्ली आमच्याकडे राही. लंबकाच्या प्रयोगाचं स्टॉपवॉच लावून आम्ही सराव करायचो. रविवारी सकाळी गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत चालत जायचं आणि वाटेत शब्द म्हणायचे, असा नेम होता. शब्द लक्षात ठेवायची त्याची एक युक्ती होती. तो प्रत्येक इंग्रजी शब्दाला नाशिकमधलं एक माणूस नेमून द्यायचा.

"गॅर्युलस म्हणजे?" मी विचारायचो.

"शालिमारचा न्हावी. एका दाढीत तीन मंत्रिमंडळं पाडतो."

"टॅसिटर्न?"

"आपला लॅबचा शिपाई. आग लागली तरी सांगायचा नाही."

"पार्सिमोनियस?"

"मेनरोडचा चिवडेवाला. वर कांदा घालताना हात थरथरतो त्याचा." मग थांबून म्हणायचा, "आणि कँडिड?"

"कँडिड म्हणजे मनात असेल ते बोलणारा."

"ते कळलं. माणूस सांग."

"तूच."

"मी नाही. मी घाबरून गप्प बसतो. तुला टाकू का त्या जागी, डिक्शनरी?"

तो मला डिक्शनरी म्हणत असे. त्या दिवशी कँडिड या शब्दाच्या जागी त्याने मला बसवलं. पुढे कधीही तो शब्द वाचला की मी डोळे पुढच्या ओळीवर न्यायचो.

सरावाचे गुण मोजण्याची रीत पुस्तकात दिलेली होती. पाच पर्यायांतला एक निवडून त्याचा लहानसा गोल उत्तरपत्रिकेवर काळा करायचा. बरोबर आला तर एक गुण. चुकला तर पाव गुण वजा. कोरा सोडला तर काहीच नाही. मित्राने हा नियम अगदी मनाला लावून घेतला. जिथे खात्री नसेल तिथे तो पेन्सिल टेकवत नसे. "ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावं," तो म्हणायचा, "ठोकून दिलं की दंड." प्रयोगशाळेतही तो तसाच होता. मोजमापात शंका आली की रकाना कोरा ठेवून पुन्हा मोजायचा. मी मात्र सगळे गोल भरत सुटायचो आणि चुकलेल्यांचा दंड भरायचो.

त्यामुळे होऊ लागलं असं की भाषेच्या विभागातही तो माझ्या जवळ येत चालला. माझे शब्द जास्त, पण माझ्या चुकाही जास्त. गणितात तर त्याला गाठणं शक्यच नव्हतं. गणपतीनंतरच्या एका सरावात भाषेत आमचे गुण सारखे आले. तो आनंदाने टेबलावर थाप मारून उठला.

"डिक्शनरी! गाठलं तुला!"

मी हसून त्याचं अभिनंदन केलं. घरी परतताना सायकल चालवत होतो आणि मनातल्या मनात एकच हिशेब चालू होता : भाषेत मी पुढे नसेन, तर मी कशातच पुढे नाही.

त्याच सुमारास परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून आम्हा दोघांना माहितीपुस्तिका आल्या. दोन्ही सारख्याच. अर्जाची पानं कापून घेतल्यावर मित्राने आपली पुस्तिका कपाटात टाकली. "इंग्रजी आहे सगळं. तुझ्या बांधात. काय कामाचं असेल ते सांग." आणि तो मुलांचे वर्णपटमापक जुळवायला पलीकडच्या खोलीत गेला.

मी वाचत बसलो. केंद्र कुठे, ओळखपत्र कोणतं, पेन्सिल कोणत्या जातीची. मग गुण देण्याच्या पद्धतीचा परिच्छेद आला. त्यात साध्या शब्दांत सांगितलं होतं की आता गुण फक्त बरोबर उत्तरांवरून मोजले जातील. चुकीच्या उत्तरासाठी काही वजा होणार नाही. म्हणून ज्याचं उत्तर ठाऊक नाही तोही प्रश्न कोरा सोडू नये, अंदाजाने भरावा. आमचं पुस्तक जुनं होतं. नियम मधल्या काळात बदललेला होता.

मी तो परिच्छेद पुन्हा वाचला. मला जे वाटलं ते मला स्पष्ट आठवतं. मला वाटलं, नियम माझ्या बाजूने वळला आहे. सगळे गोल भरण्याची माझी जी खोड होती, तीच आता रीत झाली होती. आणि त्याचा जो गुण होता, खात्रीशिवाय हात न लावण्याचा, तो त्याच्या आड येणार होता.

तेवढ्यात तो चहाचे दोन ग्लास घेऊन आला.

"काय म्हणते अमेरिका?"

"विशेष काही नाही," मी म्हणालो. "तेच सगळं. दोन पेन्सिली न्यायच्या, टोक करून."

"एवढं सांगायला इतकी पानं? यांना कागद स्वस्त दिसतो." त्याने चहाचा ग्लास माझ्यापुढे ठेवला आणि पुस्तक उघडून संभाव्यतेचा धडा मला शिकवायला बसला.

हे एका क्षणाच्या मोहात घडलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ते खरं नाही. त्यानंतर परीक्षेपर्यंत आम्ही रोज भेटत होतो. रोज सांगता आलं असतं. "अरे, एक गोष्ट राहिलीच की," एवढं म्हटलं असतं तर माझी लाजही राखली गेली असती. मी रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. मग तो एखादं गणित माझ्या आधी सोडवायचा आणि मी उद्यावर ढकलायचो. याला मोह म्हणत नाहीत. मी ते रोज नव्याने करत होतो.

तयारीच्या पुस्तकात आणखी एक सल्ला होता, आणि तो आम्ही दोघांनी पाठ केला होता. प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना आधीच घोकून जाव्यात, म्हणजे ऐन वेळी त्या वाचण्यात वेळ जात नाही. मित्र सगळ्या सूचना तोंडपाठ म्हणून दाखवायचा, दंडाच्या नियमासकट. त्याला इंग्रजी वाचायला वेळ लागे, म्हणून ही बचत त्याला फार मोलाची वाटे. "सूचना सुरू झाल्या की मी डोळे मिटून बसणार," तो म्हणाला. मी तेव्हाही काही बोललो नाही.

परीक्षा मुंबईला होती. पहाटेच्या गाडीने जायचं म्हणून मी आदल्या दिवशी त्याच्या घरीच राहिलो. त्याच्या आईला सगळे माई म्हणत, मीही म्हणत असे. बुद्धपौर्णिमेला खीर खायला मी दरवर्षी त्या घरी जात होतो, तेव्हा मला तिथे पाहुणा कोणी समजत नव्हतं. माईंनी एकाच डब्यात दोघांच्या भाकऱ्या आणि बेसन बांधून दिलं.

"एकाच डब्यातनं खा रे. तू जादा मी कमी, आसं भांडू नका."

"माई, हा खातोच जास्त," मी म्हणालो.

"खाऊ दे. इंग्रजीच्या नावानं त्याच्या पोटात लय गोळा येतो." मग डब्याला फडकं बांधता बांधता माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पण तू हायेस ना संगं. मला काय काळजी नाय."

मी डबा हातात घेतला. तो गरम होता.

गाडी इगतपुरीला थांबली तेव्हा आम्ही वडे घेतले. मित्राने वड्याच्या कागदावर पेन्सिलीने काहीतरी लिहायला सुरुवात केली. "ऐक. काल झोपताना एक सुचलं. ते दोन राशींची तुलना करायचे प्रश्न असतात ना, कोणती मोठी म्हणून? आपण त्यात नेहमी एक-दोन अशा साध्या संख्या घालून बघतो. तिथेच फसवतात. ऋण संख्या घाल, मग एकाहून लहान अपूर्णांक घाल, मग शून्य घाल. उत्तर बदललं की समज, ठरवता येत नाही हा पर्याय." त्याने दोन उदाहरणं करून दाखवली, ती मला कळली की नाही ते विचारलं, आणि मगच आपला वडा खाल्ला.

त्याला ते सांगायची काही गरज नव्हती. जागा एक होती हे त्यालाही ठाऊक होतं. पण गणित त्याच्या बांधातलं होतं; त्यातलं जे सापडलं ते मला देणं त्याच्या लेखी ठरलेलं होतं. त्याची ती युक्ती मला त्या दिवशी परीक्षेत तीन-चार ठिकाणी उपयोगी पडली. घाटातून गाडी खाली उतरत होती, आणि प्रत्येक बोगद्याच्या अंधारात मी ठरवायचो की बाहेर पडलो की सांगायचं. कसारा गेलं.

परीक्षा एका शाळेच्या मोठ्या दालनात होती. तो माझ्या पुढे, थोडा डावीकडे बसला होता. पर्यवेक्षकबाईंनी सूचना वाचायला सुरुवात केली. त्यांचा आवाज दालनात घुमत होता, उच्चार भरभर होते. मी पुढे पाहिलं. मित्राने ठरवल्याप्रमाणे डोळे मिटले होते, हात मांडीवर ठेवले होते. गुणांविषयीचं वाक्य त्या बाईंनी वाचलं. तो हलला नाही.

भाषेचे दोन विभाग होते. पहिल्यात शेवटचा थोडा वेळ उरला तेव्हा मी राहिलेले सगळे गोल एकामागून एक काळे करत सुटलो. वर पाहिलं तर त्याची पेन्सिल खाली ठेवलेली होती. हाताची घडी घालून तो शांत बसला होता. काम चोख झाल्यावर माणूस बसतो तसा.

मध्ये थोडी सुट्टी होती. आम्ही बाहेर पायऱ्यांवर माईंचा डबा उघडला.

"गणित झकास," तो म्हणाला. "भाषेत बरेच सोडले बाबा. दोन पर्यायांवर यायचो आणि तिथे अडायचो. उगाच दंड कशाला? सोडून दिले." भाकरीचा तुकडा मोडता मोडता त्याने माझ्याकडे पाहिलं. "ठीक ना?"

भाषेचा आणखी एक विभाग अजून व्हायचा होता.

"ठीक," मी म्हणालो. "बरं केलंस."

तोवर माझी चूक न बोलण्याची होती. त्या पायऱ्यांवर ती बोलण्याची झाली.

निकाल आले. गणितात तो माझ्या कितीतरी पुढे होता. भाषेत त्या मर्यादेच्या थोडासाच खाली राहिला. माझा अर्ज गेला, त्याचा कार्यालयातच थांबला. सरांनी त्याला पुन्हा बसायला सांगितलं. पण प्राध्यापकांकडची ती जागा आता भरली होती, आणि जागेशिवाय गुणांचा त्याला उपयोग नव्हता. वडील निवृत्तीला आले होते, दोन बहिणी शिकत होत्या. निफाडच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिक्षकाची कायम जागा निघाली, ती त्याने घेतली.

मला निरोप द्यायला नाशिकरोड स्टेशनवर तो आला तेव्हा माईही आल्या होत्या. त्यांनी शेंगदाण्याच्या चटणीची बरणी माझ्या पिशवीत स्वतः नीट उभी करून ठेवली. गाडी हलली तेव्हा मित्र खिडकीबरोबर चालत ओरडला, "तिकडे सगळ्यांना टॅसिटर्नचा अर्थ सांग! शिपायाचा फोटो पाठवू का?"

परदेशातली ती वर्षं मी कष्टात काढली, चांगला अभ्यास केला, पदवी मिळवली. त्याविषयी सांगण्यासारखं इथे काही नाही. सांगायचं ते एवढंच की तिथे मी स्वतःची सुटका गणिताने करून पाहिली. पाच पर्यायांत आंधळेपणाने एक निवडला तर बरोबर येण्याची शक्यता किती? थोडी. मग त्याने सगळे कोरे गोल भरले असते तरी त्याचे गुण मर्यादेपार गेले असते असं कोण म्हणेल? असं म्हणून मी काही काळ बरा असायचो. मग पायऱ्यांवरचं त्याचं वाक्य आठवायचं : दोन पर्यायांवर यायचो आणि तिथे अडायचो. त्याचे अंदाज आंधळे नव्हतेच. पाचांतले तीन तो स्वतःच खोडत होता. हे मला त्याच दिवशी ऐकल्याबरोबर कळलं होतं, आणि तरी मी बरं केलंस म्हणालो होतो.

सुट्टीत मी दोनदा नाशिकला आलो. दोन्ही वेळा त्याला भेटलो. दोन्ही वेळा त्याने मिसळ खाऊ घातली, हसवलं, आणि मी परत गेलो. शिक्षण संपवून ऐंशीचं दशक सरता सरता मी कायमचा परतलो, तेव्हा मात्र मनाशी पक्कं केलं की आता त्याच्यासमोर बसून चहा पिण्याआधी हे सांगायचं. तो मला क्षमा करील की नाही याचा विचार मी बाजूला ठेवला. तो प्रश्न त्याचा होता. माझा प्रश्न फक्त तोंड उघडण्याचा होता.

त्यानेच निरोप पाठवला. रविवारी सकाळी ये, मुलं जमतात. त्याच्या ज्युनिअर कॉलेजातून पुढे गेलेले आणि आता नाशिकला एम.एस्सी., इंजिनिअरिंग करणारे काही विद्यार्थी निफाडला त्याच्याकडे येत. त्यांतल्या काहींना तीच परीक्षा द्यायची होती. तो त्यांना फुकट शिकवत असे. "गणित मी सांगतो. इंग्रजीचा मालक आता आलाय, तर एखादा तास दे."

निफाडची थंडी नाशिकच्या थंडीहून वेगळीच. एस.टी.तून उतरलो तेव्हा द्राक्षबागांवर धुकं होतं आणि मित्र फाटकाशी माकडटोपी घालून उभा होता.

"काय डिक्शनरी! जाड झालास. नवी आवृत्ती?"

"अरे, मला आधी तुझ्याशी बोलायचंय."

"मुलं खोळंबलीत. नंतर बोल, दिवस पडलाय."

मी पुन्हा एकदा त्याच्या मागून चालत गेलो. वर्गात सहा-सात मुलं-मुली स्वेटर घालून बसली होती. फळ्यावर ऋण संख्या, अपूर्णांक आणि शून्य यांची उदाहरणं होती. ती मी इगतपुरीच्या वड्याच्या कागदावर पाहिली होती.

त्याने माझी ओळख करून दिली. ती इतकी मोठ्या मनाने करून दिली की माझी मान खाली गेली. मग मुलांकडे वळून तो म्हणाला, "हे बघा, तुमचं नशीब चांगलं. आता चुकलं तरी कापत नाहीत. एकही गोल कोरा ठेवायचा नाही. आमच्या वेळी तसं नव्हतं. पाव गुणाचा दंड असायचा, म्हणून मी बरेच सोडून दिले आणि इथे तुमच्या नशिबी आलो." मुलं हसली. तोही हसला. "हे साहेब मात्र तेव्हाही सगळे भरायचे. जिगरबाज माणूस."

पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिचा प्रश्न मला होता. "सर, मग हा नियम नक्की कधी बदलला? माझ्याकडे मोठ्या भावाचं जुनं पुस्तक आहे, त्यात दंड लिहिलाय. कोणत्या वर्षापासून धरायचं?"

मित्र माझ्याकडे पाहत होता. त्यालाही तो प्रश्न साधाच वाटत होता. इंग्रजीचं जे असेल ते मी सांगायचं, ही जुनी वाटणी त्याच्या दृष्टीने अजून चालू होती. नक्की आठवत नाही, असं मला म्हणता आलं असतं. कोणाला काही कळलं नसतं.

"आमच्या वेळेच्या आधी," मी म्हणालो. "आम्ही बसलो तेव्हा दंड नव्हता."

"अरे नाही, होता," मित्र म्हणाला. "पुस्तकात होता."

"पुस्तकात होता. परीक्षेत नव्हता. माहितीपुस्तिकेत दिलं होतं."

तो हातात खडू घेऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. अवघड गणिताकडे बघतो तसा तो माझ्याकडे बघत होता. मग सावकाश म्हणाला, "पुस्तिका तू वाचली होतीस."

"हो."

"कधी?"

"तू चहा घेऊन आलास तेव्हा माझी वाचून झाली होती."

त्याने खडू फळ्याच्या कडेला ठेवला आणि त्यांना म्हणाला, "तुम्ही जरा व्हरांड्यात थांबता का?" आवाज शांत होता. अशा वेळीही तो माझी अब्रू झाकत होता.

"थांबू देत त्यांना," मी म्हणालो. "मी जिगरबाज आहे असं त्यांनाच सांगितलंस ना तू."

मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. वर्षानुवर्षं मनात तयार केलेली मोठी वाक्यं होती, त्यांतलं एकही आठवेना. जे आलं ते असं आलं :

"पायऱ्यांवर डबा खाताना तू मला विचारलं होतंस, सोडले ते ठीक ना. मी ठीक म्हणालो. ते ठीक नव्हतं आणि मला ते माहीत होतं. मी विसरलो नव्हतो. तू माझ्या पुढे जाशील म्हणून मी मुद्दाम सांगितलं नाही. माईंनी तुला माझ्या भरवशावर पाठवलं होतं, आणि ती जागा तुझी होती. मी चुकलो. तुझं फार मोठं नुकसान केलं मी. मला माफ कर."